ओकखालची चोवीस झाडं

खोटं बोलत असेन तर या म्हातारीची जीभ झडो, उरलेले सहा दात आत्ताच्या आत्ता पडोत आणि ही चुलीवरची कॉफी शाई होवो! यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आमच्या डोंगरावर कुणालाही विचारा. म्हणजे जे अजून उरलेत त्यांना.

तर लायल शिडीवर होता. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आमच्या हम्बोल्ट परगण्यातला पाऊस, आणि बहात्तर वर्षांचा हा माणूस एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातातल्या यंत्रानं गांजाच्या झाडावर वारा मारत होता. यंत्र खरं म्हणजे अंगणातली वाळकी पानं उडवायचं. पण आमच्याकडं ऑक्टोबरात त्याचं काम एकच, तुऱ्यांवरचं पाणी उडवणं. झाड शिडीपेक्षा उंच. फांदीफांदीला मुठीएवढे जाड तुरे, आणि त्यात पाणी असं मुरतं जसं पावात दूध.

"लायल! कितवं झाड? ओव्हर."

आवाज त्याच्या खिशातून आला. बर्निस, त्याची बायको, वरच्या घरात बसली होती आणि तिचा आवाज वॉकी-टॉकीतून लायलच्या खिशात राहायला आला होता. घर वळणापलीकडं. तिथून शेत दिसत नसे. बर्निसच्या छातीत दोन वर्षांपासून ओल शिरली होती. दहा पावलं चालली की ती भिंत धरायची. एप्रिलपासून ती खाली उतरलीच नव्हती.

"नववं," लायल म्हणाला.

"ओव्हर म्हण. नाहीतर तुझं बोलणं संपलं ते कळत नाही."

"ओव्हर."

"कुरणात वारा आहे ना? म्हणून तर मी ती जागा काढली. उघडी, वाऱ्याची. ओव्हर."

लायलनं वर पाहिलं. वर आभाळ नव्हतं. वर ओकची झाडं होती, शंभर-शंभर वर्षांची, काळीकुट्ट, आणि त्यांच्या पानापानावरून थेंब ओघळत होते.

"आहे की," तो म्हणाला. "वारा आहे. ओव्हर."

एवढं एकच खोटं तो चाळीस वर्षांत तिच्याशी बोलला असेल. पण ते साधंसुधं नव्हतं, चोवीस झाडांएवढं होतं.

त्याचं असं झालं. लायल म्हणजे आमच्या डोंगराचा पंपवाला. कुणाच्या विहिरीचा पंप अडला, कुणाच्या ओढ्यावरची मोटार जळली, की बोलवा लायलला. पंपाला कान लावून तो सांगायचा, आत कुठली चकती झिजलीय ते. एकदा तर त्यानं फोनवरून ऐकून सांगितलं होतं की पंप ठीक आहे, तुझ्या बायकोचं डोकं तापलंय, आधी ते बघ. आणि तेही खरं निघालं! पंपांवर त्याचं पोट चालायचं, आणि उरलेलं चालायचं झाडांवर. आमच्या डोंगरावर सगळ्यांचंच तसं. त्या काळात ते लपूनछपून. ऑगस्ट लागला की झाडं शोधायला सरकारची हेलिकॉप्टरं यायची. आमचा गावचा रेडिओ गाणं मधेच थांबवून सांगायचा, "मंडळी, हेलिकॉप्टर आता पूर्वेच्या दरीत शिरलंय," आणि डोंगरभर माणसं काट्यांत उड्या टाकायची. आता तोच रेडिओ सांगतो ढग कुठल्या दरीत शिरले ते.

लपवण्यात लायलसारखा दुसरा नव्हता. त्यानं झाडांना नाताळचे लाल काचगोळे बांधून टोमॅटो बनवलेत. कुंड्या दोरानं ओकच्या शेंड्यावर चढवल्यात. एकदा काळ्या बेरीच्या जाळीत अकरा तास पडून राहिला होता, शेजारी एक स्कंक, तो घाण वासाची पिचकारी मारणारा प्राणी, आणि दोघांनीही एकमेकांचा मान राखला. तीस वर्षांत त्याचं एक पान कुणाला सापडलं नाही.

मग कायदा बदलला. बर्निस म्हणाली, आता पुरे झालं उंदरांसारखं जगणं. दोनशे बारा पानांचे अर्ज तिनं स्वतःच्या हातानं भरले. विहीर किती खोल, ओढा किती लांब, सगळं. शेताचा नकाशा तिनं शाईनं काढला आणि कुरणाच्या मधोमध, जिथं दिवसभर ऊन पडतं, तिथं चोवीस गोल काढले. तीन वर्षांनी त्याच नकाशावर शिक्का मारून परवाना आला तेव्हा तिनं तो फ्रीजवर लावला, नातवाचा फोटो लावावा तसा.

आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या घरात राहायचं नाही. भिंतींना बुरशी, छताला ओल, छाती कशी बरी होणार? बर्निसची धाकटी बहीण लुएला अॅरिझोनात, वाळवंटात. ती गेली दोन वर्षं म्हणत होती, ये इकडं, इथं टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. शेवटी नवराबायकोचं ठरलं. यंदा पहिलं उघड पीक. ते नीट आलं तर घराला नवं छप्पर, नव्या भिंती, चांगली मोठी शेगडी. घर कोरडं, म्हणजे बर्निस इथंच. नाही आलं, तर बर्निस लुएलाकडं.

"आणि मी?" लायलनं विचारलं होतं.

"तू पीक आण," बर्निस म्हणाली.

एप्रिलमध्ये लायलनं चोवीस मोठ्या कापडी कुंड्या नकाशाप्रमाणं कुरणात मांडल्या, रोपं लावली. आणि त्याला अन्न गोड लागेना. कावळा डोक्यावरून गेला तरी तो मान आत घ्यायचा. रात्री छातीवर हात ठेवून झोपायचा, जणू त्याचंच कुणी छप्पर काढून नेलंय. बिचाऱ्यानं नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी बर्निस तपासणीला शहरात गेली, आणि यानं ओटिसचा ट्रॅक्टर मागून आणला आणि सगळ्या कुंड्या कुरणाच्या कडेला, ओकखाली सरकवल्या. अकरा पावलं फक्त. परवान्याची बाई मे महिन्यात येऊन गेली. तिनं झाडांना बांधलेले परवान्याचे बिल्ले मोजले, चोवीस भरले, सही केली. अकरा पावलांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

उन्हाळ्यात काही बिघडलं नाही. सूर्य उंच होता, फांद्यांमधून चार-पाच तास ऊन यायचं. झाडं माजली नुसती. पण ऑक्टोबरात सूर्य खाली उतरतो, आणि ऊन ओकखाली शिरेना. वारा शिरेना. आणि पाऊस तर दोनदा पडायचा. एकदा ढगातून, आणि ढग निघून गेला की तासभर ओकवरून.

दुसऱ्या दिवशी ओटिस आला. ओटिस म्हणजे खालच्या वळणावरचा शेजारी, सत्तरीचा, तोंडाचा फाटका, मनाचा बरा. त्याचं पीक आठवड्यापूर्वीच कापून कोठारात टांगून झालं होतं, त्यामुळं त्याला सगळ्या जगाला अक्कल शिकवायला वेळ होता.

"अरे म्हाताऱ्या," तो म्हणाला, "ताडपत्री घातलीस? यावर?"

लायलनं रात्रभर जागून बांबूच्या कमानी वाकवल्या होत्या आणि वर निळी ताडपत्री ओढली होती. आता ताडपत्रीखाली वाफ कोंडली होती. चष्मा धुरकट होत होता.

"मग काय भिजू देऊ?"

"भिजलेलं वाळतं. कोंडलेलं कुजतं. काढ ती गोधडी."

"काढली की ओक गळतोय डोक्यावर."

"तर ओक तिथं का आहे?"

"ओक पहिल्यापासून तिथंच आहे."

"मग झाडं का आहेत तिथं?"

लायल ताडपत्रीची दोरी घट्ट करू लागला. ओटिसनं त्याच्याकडं पाहिलं, मग कुरणाकडं पाहिलं, मग स्वतःचा ट्रॅक्टर आठवला असावा, कारण त्यानं टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"बर्निसला माहीत आहे?"

"हळू बोल. खिशात आहे ती."

ओटिसनं आवाज खाली आणला. "माझ्या बुटात काल बेडूक निघाला. एवढी ओल या जन्मात नाही पाहिली मी."

दोघांनी मिळून ताडपत्री काढली. मग लायल एकेक झाड बघत फिरू लागला. बघायची एक रीत असते. हिरव्यागार तुऱ्यातून एखादंच पान पिवळं पडून बाहेर डोकावतं. ते चिमटीत धरायचं आणि अलगद ओढायचं. जोर लावावा लागला तर देवाची कृपा. पान नुसतं हातात आलं तर समजायचं, आत काही राहिलं नाही.

सहाव्या झाडावर तसं एक पान होतं. लायलनं ते धरलं. ओढलं सुद्धा नाही. ते आपणहून त्याच्या बोटांत आलं, ज्या सहजतेनं लहान मूल ओळखीच्या माणसाकडं येतं. त्यानं तुरा अंगठ्यानं फोडला. आत करडी राख होती, आणि राखेतून धुरासारखं काहीतरी वर उठलं.

"एकच आहे," लायल म्हणाला.

"हो, एकच," ओटिस म्हणाला. त्यालाही माहीत होतं, लायललाही माहीत होतं, की ही करडी बुरशी एकटी कधी येत नाही.

त्यांनी तो तुरा कापून पिशवीत टाकला, कात्री दारूनं पुसली. खालच्या पानांवर भुरी होतीच, पिठासारखी पांढरी. तिला लायल घाबरत नव्हता. ऑगस्टपासून तो तिच्याशी दूधपाणी फवारून भांडत आला होता. बर्निस विचारायची, या घरात दोनच माणसं, दूध जातं कुठं? पण आता तुरे भरल्यावर काही फवारायची सोय नव्हती.

"कापून टाक आजच," ओटिस म्हणाला.

"पिकले नाहीत. दहा दिवस हवेत अजून. कच्चा माल कुणी घेत नाही."

"आणि सडका?"

लायलनं रेडिओ मोठा केला. रेडिओवरची बाई त्याच वेळी सांगत होती की आणखी पाच दिवस पाऊस, शुक्रवारी सकाळी थोडी उघडीप, मग मोठं वादळ. ती हे इतक्या प्रेमानं सांगत होती की जणू कुणाचं बारसं आहे.

शुक्रवारची उघडीप. सगळं तिच्यावर होतं. त्या दोन-चार तासांत झाडं खडखडीत वाळली, तर पुढचं वादळ कदाचित झेलतील. पण वाळवायची कशी? पानं उडवायच्या यंत्रानं एक झाड कोरडं होईपर्यंत मागचं भिजायचं.

तेव्हा ओटिसच्या डोक्यात ते आलं.

"चेरीवाले काय करतात ठाऊक आहे?" तो म्हणाला. "पाऊस पडला की चेऱ्या तडकतात. म्हणून ते हेलिकॉप्टर बोलावतात. ते वरून भिरभिरतं आणि बाग वाळते. आख्खी बाग, पाव तासात!"

"हेलिकॉप्टर?" लायलचा आवाज चिरकला आणि दचकून त्याची मूठ खिशातल्या वॉकी-टॉकीच्या बटणावर आवळली.

"मर्ल आहे ना. नदीपलीकडचा. लाकडं उचलायचं हेलिकॉप्टर आहे त्याचं. तू त्याच्या विहिरीचा पंप भर थंडीत दुरुस्त केलास, त्याला आठवतंय ते. दोनदा विचारलं त्यानं, लायलसाठी काय करू म्हणून."

"माझ्या शेतावर? हेलिकॉप्टर? मी बोलवू?"

"तूच."

लायलनं वर पाहिलं आणि मान आत घेतली. खिशातून आवाज आला, "मी ऐकलं. ओटिस, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललास. बोलाव त्याला. मीही येणार बघायला. ओव्हर."

"तू नको येऊस, खाली फार ओल आहे," लायल घाईनं म्हणाला. "ओव्हर. बर्निस? ओव्हर."

पण तिनं तिकडून बंद केलं होतं.

शुक्रवारी सकाळी खरंच उघडलं. ढग दरीत उतरून बसले होते, आणि डोंगरमाथे वर कोरडे. ओटिसनं बर्निसला ट्रकमध्ये बसवून खाली आणलं. तिनं नवा स्कार्फ बांधला होता, मांडीवर मर्लसाठी सफरचंदाचा केक होता. सहा महिन्यांनी ती घराबाहेर पडली होती. ट्रक वळणावरून खाली आला, आणि कुरण दिसलं. हिरवंगार, सपाट, उघडं, रिकामं.

बर्निस बघत राहिली.

"ओटिस," ती म्हणाली, "माझी झाडं कुठायत?"

ओटिसला त्याच क्षणी ट्रकच्या आरशाचं काहीतरी दुरुस्त करायचं सुचलं.

तेवढ्यात तो आवाज आला. धड, धड, धड, नदीकडून. आणि लायल, ज्यानं स्वतः फोन करून ते बोलावलं होतं, ज्यानं पहाटेपासून तीनदा घड्याळ बघितलं होतं, तो लायल डोक्यावर हात घेऊन पळाला आणि थेट बेरीच्या काट्यांत घुसला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. हसू नका. ते त्याच्या पायांनी केलं, त्यानं नाही.

मर्लचं हेलिकॉप्टर नारिंगी होतं. ते खाली आलं, आणि मर्लला वरून काय दिसलं असेल? ओक. नुसते ओक. त्याला फोनवर सांगितलं होतं, कुरणाच्या पश्चिम कडेला. म्हणून तो ओकांच्या बरोबर डोक्यावर येऊन भिरभिरला.

आणि मग पाऊस पडला.

ढगातून नाही. सहा दिवसांचं पाणी जे ओकांनी पानापानांत, शेवाळात, ढोलीत, सालीच्या भेगांत साठवून ठेवलं होतं ते सगळं एका मिनिटात खाली आलं. भिंत कोसळावी तसं. त्या पाण्याबरोबर शेवाळाचे गठ्ठे, वाळक्या फांद्या, मागच्या सालची ओकफळं, आणि एक खारीचं घरटं खारीसकट. मोठमोठ्या तुऱ्यांच्या फांद्या कडाकड मोडल्या. तीन झाडं मुळातून कलंडली. वारा खालपर्यंत पोचलाच नाही. ओकांनी तो वरच्यावर झेलला, जसं त्यांनी तीस वर्षं सगळं वरच्यावर झेललं होतं.

लायल काट्यांतून बाहेर आला होता. दोन्ही हात वर करून ओरडत होता, "जा! जा! वर जा!" पण मर्लला तो हात हलवतोय असं वाटलं. त्यानंही आतून हात हलवला आणि आणखी जरा खाली आला.

शेवटी ओटिसनं कुरणात पळत जाऊन टोपीनं खुणा केल्या, तेव्हा मर्लनं हेलिकॉप्टर उतरवलं. कुठं? कुरणाच्या मधोमध. जागा चांगली होती. सपाट, कोरडी. नकाशातल्या चोवीस गोलांच्या नेमकी वर.

मर्ल उतरला. बुटका, पांढऱ्या मिशांचा, मिशा अशा की दोन्ही टोकांवर पक्षी बसावेत. त्यानं लायलचा हात धरून हलवला.

"झालं का काम?"

ओटिसनं भिजलेली टोपी पिळली. मर्लनं ओकांकडं पाहिलं, त्यांच्याखाली वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा! इथं होय! अरे देवा! लायल, तुला एक सांगू? आता सांगायला हरकत नाही. चौऱ्याऐंशी ते नव्वद, मी सरकारचं हेलिकॉप्टर चालवायचो. दर ऑगस्टात. तुझ्या या दरीवरून शंभर वेळा गेलोय. मागं बसलेले म्हणायचे, या पंपवाल्याकडं असणारच. आणि मला एक पान दिसलं नाही. एकदाही नाही!"

"एकदाही नाही?" लायल म्हणाला.

"देवाशपथ."

"ब्याऐंशीत... नाही, शहाऐंशीत? ओढ्याच्या वरच्या बाजूला?"

"काही नाही. नुसती झाडं."

आणि लायल हसला. ओल्या दाढीत, ओरखडलेल्या गालांनी, चिखलात उभा राहून तो हसला. चाळीस वर्षांत कुणी त्याला शाबास म्हटलं नव्हतं, कारण जे काम कुणाला दिसलंच नाही त्याला शाबास कोण म्हणणार? बर्निस ट्रकच्या दारात उभी होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला. लग्नाच्या दिवशीही तो असा दिसला नव्हता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूहळू चालत कडेपर्यंत आली, मधे दोनदा थांबली, दम घेतला. कलंडलेल्या कुंडीवर हात ठेवला. बिल्ला उलटून बघितला.

"मी काढलेली जागा कुठाय?" तिनं विचारलं.

लायलनं बोट दाखवलं.

"तिथं तर हेलिकॉप्टर उभं आहे."

"हो."

"माझ्यापासून लपवलंस?"

"तुझ्यापासून नाही," लायल म्हणाला. "वरून."

तिनं केक मर्लच्या हातात दिला, आभार मानले, आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

दुपारी पुन्हा पाऊस लागला. लायलनं करवत घेतली आणि ओकवर चढला. त्या वयात! एकेक फांदी कापून खाली टाकू लागला. ज्या फांद्यांच्या भरवशावर त्यानं आयुष्य काढलं त्याच. प्रत्येक फांदीबरोबर आभाळाचा एक तुकडा उघडा पडायचा, आणि त्या तुकड्यातून पाऊस सरळ झाडांवर.

"लायल," खिशातून आवाज आला. "पुरे."

"एवढी एकच राहिलीय."

"पुरे म्हटलं ना."

तिनं ओव्हर म्हटलं नाही. तो फांदीवर बसून वाट बघत राहिला.

वादळ तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी लायल आणि ओटिस कात्र्या घेऊन गेले. पहिल्या झाडाचा तुरा फोडला, राख. दुसरं, राख. बाहेरून काय दिसत होती ती झाडं! हिरवी, जांभळी, वर दव, वास दरीभर. आणि आत काही नाही. विसावं आणि तेविसावं बरं वाटत होतं. ती दोन त्यांनी कोठारात उलटी टांगली, पंखा लावला. लायल सकाळ-संध्याकाळ जाऊन त्यांना हात लावून यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांचीही पानं आपणहून हातात आली.

ओटिसनं खड्डा खणला. चोवीस झाडं, चोवीस बिल्ले. परवान्याच्या नियमाप्रमाणं लायलनं एकेक बिल्ला सोडवून पुसून डब्यात ठेवला, आणि झाडं मातीत घातली. ओटिससारखा बडबड्या माणूस, पण तो दिवसभर नुसतं फावडं मारत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर असायला हवं होतं त्या दिवशी."

लुएलाचा फोन आला, ती शनिवारी गाडी घेऊन येणार होती. शुक्रवारी सकाळी नवराबायको न्याहरीला बसले. राजम्याची उसळ, मक्याचा पाव. छतातून एक थेंब दोघांच्या मधल्या पातेल्यात पडत होता. टप्प. टप्प.

"चल ना माझ्याबरोबर," बर्निस म्हणाली.

"काय आहे तिथं?"

"ऊन."

"आणि?"

"आणि मी असेन, गाढवा."

लायलनं पावाचा तुकडा मोडला. खाल्ला नाही.

"झाडं असतात का गं तिथं?"

"निवडुंग असतात."

"म्हणजे... वर काही नाही."

"वर आभाळ असतं, लायल."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या मानेचा मणका न् मणका ताठ झालेला तिला दिसला. तिनं हात पुढं करून त्याच्या मनगटावर ठेवला. काट्यांचे ओरखडे अजून लाल होते.

"तुला आता कुणी शोधत नाहीये रे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"नाही," बर्निस म्हणाली. "तुला नाही माहीत."

खोकल्याची उबळ आली म्हणून ती उठली. तो तिच्यामागं पाणी घेऊन गेला, पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला पंपाचा आवाज ऐकून आतलं सगळं कळायचं. तिच्या पाठीला हात लावूनही त्याला सगळं कळत होतं. फक्त इथं बदलायला चकती नव्हती.

शनिवारी लुएला आली. तिनं चिखलात पाय ठेवला नाही, गाडीत बसूनच पाव तास हॉर्न वाजवला. लायलनं दोन बॅगा मागं ठेवल्या, उशी पुढं ठेवली, बर्निसच्या पायावर घोंगडी घातली. तिनं फ्रीजवरचा परवाना काढून घेतला होता, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला होता. लायलनं विचारलं, "तो कशाला?" ती म्हणाली, "माझं अक्षर आहे त्यावर." मग काच वर गेली. गाडी वळणावरून गेली, ओटिसच्या घरावरून गेली, आणि गाडीचा आवाज दरीत बराच वेळ ऐकू येत राहिला. लायल इंजिनच ऐकत होता. तिसऱ्या गिअरला जरा खरखर होती.

मग तो घरात गेला. स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली, खांद्यावर घेतली आणि खाली उतरला. ओकखालून गेला, थांबला नाही. अकरा पावलं मोजली. कुरणाच्या मधोमध, हेलिकॉप्टरच्या बुडाखालच्या दांड्यांनी जिथं गवत दाबलं गेलं होतं, तिथं त्यानं खुर्ची मांडली आणि बसला. डोक्यावर काही नव्हतं, ना फांदी, ना ताडपत्री. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ढग फाटले, आणि त्या महिन्यातलं पहिलं ऊन सरळ त्याच्या टकलावर पडलं. दरीच्या त्या टोकाकडून कसलातरी आवाज आला. त्यानं मान आत घेतली नाही.

बरं. आता तुम्ही असं बघताय माझ्याकडं, तर सांगून टाकते. स्कंक खरा, खार खरी, मर्लच्या मिशा तर मी हातानं मापल्यात. पण ते ऊन मी माझ्या पदरचं घातलं. ऊन नव्हतं. पाऊसच होता, तसाच, बारीक, न थांबणारा. खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू चिखलात उतरत होते, आणि तो ताठ बसून होता.